द्रानिकी: बेलारूसचा बटाटा, काशीतला तवा

आमच्या घरात बटाट्याला दोन नावं आहेत. आजी म्हणते बटाटा. बाकी आम्ही सगळे म्हणतो आलू.

त्यात आमचा दोष तसा थोडाच. माझा जन्म बनारसचा. शाळा हिंदी आणि इंग्रजीत, कॉलेजात बी.ए. तेही इंग्रजीत. भाजीवाला, रिक्षावाला, मैत्रिणी, सगळ्यांशी बोलणं हिंदीतून. मराठी उरली ती घरात, घरातही स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरातही मुख्यतः आजीच्या तोंडी. "आजी, आलू सोलू का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आलू नाही गं, बटाटा!" गेली वीस वर्षं ती मला सुधारतेय आणि मी हसून सोडून देतेय.

शेवटी मला 'बटाटा' म्हणायला लावलं ते बेलारूसहून आलेल्या एका मुलीने आणि तिच्या गावाकडच्या एका पदार्थाने. त्या पदार्थाचं नाव द्रानिकी. बटाटा, मीठ आणि तूप किंवा तेल, एवढ्यावर होणारा. आज त्याची कृती तुमच्यासाठी घेऊन आलेय. पण कृतीआधी थोडी गोष्ट, कारण ही कृती आमच्या घरात दोनदा फसली आणि तिसऱ्यांदा जमली. ती का जमली, ते कळलं तर तुमची पहिल्या घाण्यालाच जमेल.

वरच्या खोलीतली पाहुणी

आमचं घर दुर्गाघाटाच्या गल्लीत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. काशी आणि मराठी माणूस यांचं नातं तर फारच जुनं. नाथांनी आपलं भागवत १५७३ मध्ये इथेच पूर्ण केलं. १६७४ मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. आज आपण विश्वनाथाचं जे मंदिर पाहतो ते अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी उभारलं. आणि हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं ते 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर, तेही काशीतल्या मराठी घरात १८८३ मध्ये जन्मलेले. बाहेर हिंदी, घरात मराठी, ही इथली रीत अशी जुनीच आहे. आमच्या पिढीत फक्त घरातली बाजू जरा लंगडी पडली, इतकंच.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, त्या आम्ही भाड्याने देतो. तीन वर्षांपूर्वी तिथे एक मुलगी राहायला आली. वय माझ्याएवढंच. बेलारूसच्या राजधानीतून, म्हणजे मिन्स्कहून, तबला शिकायला आलेली. हिंदी मोडकं पण न लाजता बोलायची. तिने आजीला पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार केला आणि आजीचं मन जिंकलं.

मार्गशीर्षातली एक सकाळ. ती खाली आली आणि दारातच उभी राहून विचारू लागली, "आजी, मैं यहाँ कुछ पकाऊँ? अपने घर का?" आजीने तिला वरून खाली पाहिलं. "हात-पाय धुऊन ये," एवढंच म्हणाली. मी हिंदीत सांगितलं. पुढे आजीची दुसरी अट: कांदा चालेल, पण अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही.

ती म्हणाली, "अंडा नहीं चाहिए. मेरी दादी भी नहीं डालती थी."

'डालती थी' हे शब्द माझ्या लक्षात राहिले. तिची आजी त्याच वर्षी वसंतात गेली होती. आई घरी द्रानिकी करते, पण अंडं आणि मैदा घालून, मिक्सरमध्ये बटाटा फिरवून. गावाकडच्या आजीच्या द्रानिकीत यातलं काहीच नसायचं, तरी त्या तव्यावर कधी फुटायच्या नाहीत. कशा फुटायच्या नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. "हम सिर्फ़ खाते थे," ती म्हणाली.

द्रानिकी म्हणजे नक्की काय?

सोपं करून सांगायचं तर कच्चा बटाटा बारीक किसून, त्यात मीठ घालून, तव्यावर थोड्या तेलात परतलेली छोटी छोटी धिरडी. बाहेरून सोनेरी आणि कुरकुरीत, आतून मऊ. वर थंड, आंबटसर साय. बेलारूसमध्ये ही रोजची न्याहारीही असते आणि पाहुण्यांसमोर ठेवायचा मानाचा पदार्थही.

नावाची गंमत ऐका. बेलारूसी भाषेत 'द्रात्स' म्हणजे ओरबाडणे, खरवडणे, किसणे. त्यावरून द्रानिकी. म्हणजे किसून केलेलं. आता आपल्या 'बटाट्याच्या कीस'कडे बघा. किसणे यावरून कीस! दोन देशांत, दोन भाषांत पदार्थाला नाव मिळालं ते एकाच कामावरून. ज्याने किलोभर बटाटे हाताने किसले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. ज्यात सगळ्यात जास्त दंड दुखतो, नाव त्या कामाचंच पडणार.

बेलारूसच्या आसपास या पदार्थाची भावंडंही बरीच आहेत. युक्रेनमध्ये देरुनी, पोलंडमध्ये प्लात्स्की, चेक लोकांचं ब्रांबोराक, ज्यू घरांतलं लाटके, स्वित्झर्लंडचं रोश्टी. प्रत्येकाचा कीस वेगळा, सोबतीला खायचं वेगळं. बेलारूसी द्रानिकीची खूण ही की कीस अगदी बारीक, जवळपास लगद्यासारखा असतो आणि बटाट्याची चव झाकेल असं त्यात फारसं काही घालत नाहीत.

मूळचा बटाटा ना बेलारूसचा, ना आपला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. बेलारूसची हवा थंड आणि जमीन बरीचशी रेताड नाहीतर दलदलीची. तिथे गव्हापेक्षा राय नावाचं धान्य आणि पुढे बटाटा बरा पिकू लागला. गरिबाच्या पोटाला त्याचा असा आधार झाला की तिकडे बटाट्याला 'दुसरी भाकरी' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात या देशाची साधारण एक चतुर्थांश माणसं गेली. खेडीच्या खेडी जाळली गेली. त्या काळात जगलेल्या माणसांसाठी जमिनीखाली दडलेला बटाटा म्हणजे जीवच. आमच्या पाहुणीची आजी त्याच काळात लहान मुलगी होती. तिच्या घरी बटाट्याचं साल जाड काढलं तर ओरडा बसायचा.

भारतात बटाटा आला तो पोर्तुगिजांबरोबर, आणि येताना नावही घेऊन आला. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बताता'चाच. म्हणून मराठीत, कोकणीत, गुजरातीत बटाटा आणि उत्तरेत आलू. पाहुणा किती मुरला बघा: आज आपल्या उपवासाच्या ताटात तो हक्काने बसतो. आणि एकटा तोच नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका आणि शेंगदाणा, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. मिरचीही अमेरिकेकडचीच. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीची अख्खी थाळी समुद्रापलीकडून आलेली!

दोन फसलेले घाणे

पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडाशी मिळाले ते बटाटे आणले. पातळ सालीचे, छान चकचकीत, नवे. पाहुणीने किसले, कांदा किसला, मीठ घातलं. बघता बघता परातीत पाणीच पाणी. तिने कीस फडक्यात घेऊन घट्ट पिळला, पाणी मोरीत ओतलं आणि उरलेला कीस तव्यावर टाकला. उलथनं लावलं की तुकडे. खायला वाईट नव्हतं, पण ती द्रानिकी नव्हती. तो आपला परतलेला कीस होता.

दुसऱ्या दिवशी मी आगाऊपणा केला. म्हटलं, मैदा घालूया. घातला. थोडा कमी वाटला म्हणून आणखी घातला. या वेळी फुटली नाहीत, पण चावताना रबर. पाहुणीने एक घास खाल्ला, हसली आणि म्हणाली, "यह माँ वाला है." मग ती गप्पच झाली. आणखी काही बोलली नाही, वर निघून गेली. मला वाईट वाटलं. एखाद्याची आजी गेली आणि तिच्या हातची चवही तिच्याबरोबर गेली, तर माणसाने कुणाला विचारायचं?

आजी आणि चीक

तिसरा दिवस एकादशीचा होता, मोक्षदा एकादशी. आजीचा उपवास. सकाळी देवपूजा झाल्यावर आजी स्वतः म्हणाली, "बोलाव तिला. आज माझ्यासमोर करा. कांदा नको, सैंधव घाला, तूप घ्या. जमलं तर मीही खाईन."

आजीने आधी बटाटे बघितले आणि नाक मुरडलं. "हे नवे बटाटे. ह्यांत पाणी फार, पीठ कमी. जुने आण." मी चंदुआ सट्टीवरून कोल्ड स्टोअरेजचे जुने बटाटे आणले. जाड सालीचे, थोडे सुरकुतलेले, दिसायला अगदी सामान्य.

पाहुणीने किसायला घेतलं. किसून झालं, फडक्यात पिळलं आणि सवयीने पाण्याचं पातेलं मोरीकडे न्यायला उचललं. आजी जवळजवळ ओरडलीच. "अगं थांब! रुको बिटिया, फेंकना नहीं!"

आम्ही दोघी दचकलो.

"कालही तू हे पाणी मोरीत ओतलंस, परवाही," आजी माझ्याकडे बघून म्हणाली. "सगळा चीक वाहून घालवायचा आणि मग धरत नाही म्हणून रडायचं! कुरडया कधी केल्यास का आयुष्यात?"

नव्हत्या केल्या. पण आजीला उन्हाळ्यात करताना पाहिलं होतं. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि ते दुधाळ पाणी तसंच ठेवून द्यायचं. तळाशी चीक बसतो, वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. त्या चिकाच्या कुरडया.

आजीने बटाट्याचं पाणी दहा मिनिटं तसंच ठेवायला लावलं. मग वरचं तांबूस पाणी हळूच ओतून टाकलं. पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र, घट्ट थर होता, बोटाने दाबला तर कुरकुरणारा. तो खरवडून तिने किसात मिसळला. बाकी काहीही नाही. सैंधव आणि तूप.

पहिली द्रानिकी उलटली ती अखंड. कडा जाळीदार, सोनेरी.

पाहुणीने ती हातानेच उचलली, बोटं भाजत असतानाही. खाल्ली. आणि लगेच मिन्स्कला आईला व्हिडिओ कॉल लावला. द्रानिकी दाखवली, पातेल्याचा तळ दाखवला, तळाशी राहिलेला पांढरा पापुद्रा दाखवला. पलीकडे आई क्षणभर बघत राहिली आणि मग भराभरा काहीतरी बोलू लागली. पाहुणीने आम्हाला सांगितलं: आईला आठवतंय, आजीच्या खिडकीत नेहमी एक वाडगं असायचं, तळाशी पांढरं बसलेलं. आईला लहानपणापासून वाटायचं की ती कपड्यांसाठी खळ आहे!

आजीला हे हिंदीत सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "खळही त्याचीच करतात की," ती म्हणाली. "बाई हुशार होती तिची आजी."

तर ही ती कृती

आता तुमच्या तव्याकडे वळूया. चार जणांना पुरतील अशा साधारण १४ ते १६ द्रानिकी होतात.

साहित्य:
• जुने, पिठूळ बटाटे: १ किलो
• कांदा: १ मध्यम (ऐच्छिक)
• मीठ: १ छोटा चमचा
• काळी मिरी पूड: चिमूटभर (ऐच्छिक)
• तेल किंवा तूप: ५ ते ६ मोठे चमचे
• सोबतीला विरजलेली साय: १ वाटी

कृती:

१. आधी साय. बेलारूसमध्ये द्रानिकीवर 'स्मेताना' घालतात, म्हणजे आंबवलेली साय. बाजारात शोधू नका, मराठी घरात ती असतेच! लोणी काढायला आपण साय विरजतो ना, तीच. नसेल तर दही फडक्यात तासभर टांगून ठेवा आणि त्यात दोन चमचे ताजी साय फेटा. चिमूटभर मीठ घालून फ्रीजमध्ये ठेवा. ती थंडच हवी.

२. बटाटे धुऊन सोला. किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने किसा, जिच्यावर आपण आलं किसतो. तिकडची किसणी अशीच काटेरी असते आणि कीस लगद्यासारखा पडतो. हात दुखला तर अर्धे बटाटे बारीक आणि अर्धे जरा जाड किसले तरी चालतील. मिक्सर मात्र टाळा, पीठ फार पातळ होतं.

३. कांदा घालणार असाल तर एक बटाटा, थोडा कांदा, पुन्हा बटाटा असं आलटून पालटून किसा. कांद्यामुळे बटाटा लवकर काळा पडत नाही.

४. कीस सुती फडक्यात घेऊन पातेल्यावर पिळा. अगदी कोरडा करू नका, ओलसर राहू द्या. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे पातेलं बऱ्यापैकी भरेल. घाबरू नका.

५. ते पाणी १० मिनिटं हलवू नका. मग वरचं पाणी हळूच ओतून टाका आणि तळाचा पांढरा चीक खरवडून किसात मिसळा. आमचा तिसरा घाणा जमला तो यामुळेच. हा चीक म्हणजे बटाट्यातला स्टार्च. तव्यावर तापला की तो फुगतो, चिकट होतो आणि कीस धरून ठेवतो. मग अंडंही नको आणि मैदाही नको.

६. मीठ सगळ्यात शेवटी घाला आणि लगेच तव्याकडे जा. मीठ घालून ठेवलं की किसाला पुन्हा पाणी सुटतं.

७. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा चांगला तापवा. तळ झाकेल इतकं तेल घाला. किसाचा एक कण टाकून बघा, तो लगेच चुरचुरला पाहिजे. मग मोठ्या चमच्याने किसाचे ढीग घाला आणि चमच्याच्या पाठीने हलके पसरवा. जाडी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, आकार तळहाताहून लहान.

८. मध्यम आचेवर ३ ते ४ मिनिटं हात लावू नका. कडा सोनेरी झाल्या आणि तवा हलवल्यावर द्रानिकी आपोआप सरकू लागली की उलटा. दुसरी बाजूही तितकाच वेळ. झाकण ठेवू नका, वाफेने मऊ पडतात.

९. तव्यावरून थेट पानात. वर थंड साय. द्रानिकीला वाट बघायला लावायची नसते. आपल्या घरात पुरणपोळी करणारी जशी शेवटी जेवते, तशी तिकडे द्रानिकी करणारीही शेवटीच जेवते, असं पाहुणी म्हणाली. आमच्याकडे मात्र त्या दिवशी तिला सगळ्यांत आधी वाढलं.

उपवासाला करायच्या असतील तर

कांदा आणि मिरी वगळा, साध्या मिठाऐवजी सैंधव घ्या, तेलाऐवजी तूप. बटाटे पाणचट निघाले तर एक-दोन चमचे शिंगाड्याचं पीठ घाला. काळे पडू नयेत म्हणून अर्ध्या लिंबाचा रस पुरतो. सोबत साय किंवा शेंगदाण्याची आमटी. आमच्या आजीने बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि जिरंही घालून पाहिलं. छान लागतं, पण मग त्याला द्रानिकी म्हणू नका, बटाट्याचं थालीपीठ म्हणा!

या चुका टाळा

• नवे बटाटे. डिसेंबर-जानेवारीत बाजारात नवे बटाटे येतात. ते रस्सा भाजीला, दम आलूला उत्तम, पण त्यांत पाणी जास्त आणि स्टार्च कमी. द्रानिकीला जुनेच घ्या.

• कोल्ड स्टोअरेजचे बटाटे आणल्या आणल्या तळणे. थंडीत राहून त्यांतल्या स्टार्चची थोडी साखर होते, म्हणून ते गोडसर लागतात आणि तव्यावर पटकन काळपट होतात. घरी आणून आठ-पंधरा दिवस टोपलीत, हवेशीर अंधाऱ्या जागी ठेवले तर गोडी कमी होते. याच कारणाने कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका.

• हिरवट बटाटे. उजेडात राहून साल हिरवी झाली असेल किंवा कोंब आले असतील तर तो भाग खोलवर कापून टाका. बटाटा बराच हिरवा असेल तर सरळ फेकून द्या. त्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं.

• काळपट होईपर्यंत तळणे. बटाटा गडद तपकिरी झाला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचा नको असलेला घटक वाढतो. सोनेरी रंगावरच थांबा.

• फार मोठ्या द्रानिकी. मोठी उलटताना फुटते आणि आत कच्ची राहते.

बुल्बा आणि बटाटा

त्या एकादशीला जेवणं झाल्यावर आम्ही तिघी चौकात उन्हाला बसलो होतो. मी पाहुणीला विचारलं, तुमच्याकडे बटाट्याला काय म्हणतात?

ती जरा थांबली. म्हणाली, मी 'कार्तोश्का' म्हणते. आजी 'बुल्बा' म्हणायची.

दोन शब्द का? कारण दोन भाषा. कार्तोश्का हा रशियन शब्द, बुल्बा हा बेलारूसी. १९९१ मध्ये बेलारूस स्वतंत्र झाला. १९९५ च्या सार्वमतानंतर रशियनलाही बेलारूसीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. शहरांत बहुतेक व्यवहार रशियनमध्ये चालतो. युनेस्कोने जगातल्या संकटात असलेल्या भाषांचा जो नकाशा केला त्यात बेलारूसीचं नाव आहे. पाहुणीला बेलारूसी समजते, शाळेत शिकली आहे, पण घरी, मैत्रिणींत, फोनवर सगळं रशियनमध्ये. बेलारूसी बोलायची ती गावाकडची आजी. "दादी के साथ वह भी थोड़ी चली गई," ती म्हणाली.

मी आजीकडे पाहिलं. आजी पान लावत होती. तिला आमचं बोलणं ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.

खरं सांगते, त्या क्षणी मला पोटात कसंसंच झालं. मी रोज लिहिते, तेच माझं काम. तीन भाषांत लिहिते. पण आजीच्या हातचं एकही जेवण मी कधी लिहून घेतलं नव्हतं. चीक, विरजण, घाणा, खळ, मोरी, हे शब्द मला समजत होते, पण माझ्या तोंडी नव्हते. आणखी पंधरा-वीस वर्षांनी मीही कुणाच्या तरी चौकात बसून सांगितलं असतं, "मी आलू म्हणते. आजी बटाटा म्हणायची."

त्या संध्याकाळी मी एक साधी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर आजीने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहायला बसले. 'एक किलो जुने आलू घ्यावेत,' असं लिहिलं. आजीने चष्मा लावला, वही जवळ ओढली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'आलू'वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: बटाटे.

ती रेघ अजून तशीच आहे. वहीत आता एकसष्ट पानं भरली आहेत. कुरडया, सांडगे, पंचामृत, आमसुलाचं सार. मापं सगळी आजीची: ओंजळभर, नखभर, 'दिसेल तेवढं'. मी कंसात ग्रॅम लिहिते, पण आजीचं माप खोडत नाही. पाहुणी मिन्स्कला परत गेली. तिनेही एक वही केली आहे. त्यात तिची आई सांगते, ती बेलारूसीत लिहिते, आणि शब्द अडला की दोघी मिळून शब्दकोश काढतात. पहिल्या पानावर द्रानिकी आहेत, आणि खाली एक टीप: पाणी फेकू नये.

तर मंडळी, या रविवारी द्रानिकी नक्की करून बघा. आणि किसायला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला जवळ बसवा. किसायचं तुम्ही, बोलायचं त्यांनी. त्यांचा एक तरी पदार्थ त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शब्द अडला तर विचारा, लाजू नका. फोनवर आवाज रेकॉर्ड केलात तरी चालेल, पण नंतर हाताने उतरवा. उतरवताना आपल्याला काय काय येत नाही ते बरोबर कळतं. मला तरी कळलं.

परवा सट्टीवर गेले होते. आजीची ऑर्डर: द्रानिकी करायच्या, जुने आण. भाजीवाल्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "भैया, बटाटा कैसे दिए?"

तो बघतच राहिला. "क्या, दीदी?"

"आलू, भैया, आलू," मी म्हटलं. "पुराना वाला."

दोन किलो घेतले. घरी येऊन आजीला सांगितलं तर तिने पिशवीतला एक बटाटा काढला, साल दाबून बघितली आणि म्हणाली, "बरे आहेत. चल, किसणी काढ."